मोरसला गेलेले गिरमिटिये गुलाम होते की मजूर?

प्रश्न थोडक्यात असा आहे: आमच्या रत्नागिरीकडच्या घराण्यातला एक भाऊ इंग्रजी अमदानीत मोरस, म्हणजे मॉरिशस, बेटावर ऊसमळ्यात कामाला गेला आणि परत आलाच नाही, असं घरात सांगतात. शाळेत आम्ही गिरमिट (इंग्रजी ‘अ‍ॅग्रीमेंट’वरून, म्हणजे मजुरीचा करार) म्हणजे ‘नवी गुलामगिरी’ असं शिकलो. पण कागदावर तर ही माणसं पगारी मजूर होती, स्वतः करारावर निशाणी करून गेलेली. मग ते नेमकं काय होतं? गरिबीने गेले म्हणायचं की फसवून नेले? आणि त्या भावाचा माग आज लागेल का?

वसाहतकाळातल्या मजुरीच्या कागदांवर मी बरीच वर्षं काम करतो. जहाजांच्या याद्या, मजुरांची रजिस्टरं, मॅजिस्ट्रेटपुढचे खटले, चौकशी आयोगांचे अहवाल, असा तो पसारा. त्यावरून माझं मत झालं आहे ते आधीच सांगतो. माणूस गाव का सोडतो याचं उत्तर गरिबीत सापडतं. मळ्यातून तो बाहेर का पडू शकत नाही याचं उत्तर मात्र कायद्यात आहे. करार मोडणं ही तेव्हा दिवाणी तक्रार नव्हती, फौजदारी गुन्हा होता. कामावर न जाणाऱ्या मजुराला मालक नुकसानभरपाई मागत नसे, तुरुंगात धाडत असे. आपल्याकडे या विषयावर बोलताना दुष्काळ, फसवणूक, चाबूक या तिन्हींवर भर येतो आणि हा मधला भाग सुटतो.

मॉरिशसचं घेऊ, कारण तुमचा प्रश्न तिथला आहे आणि ही पद्धत मोठ्या प्रमाणावर रुजली तीही तिथेच. हे बेट इंग्रजांनी १८१० मध्ये फ्रेंचांकडून घेतलं. १८२५ मध्ये मॉरिशसच्या साखरेवरची ब्रिटनमधली जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकीच करण्यात आली आणि मळेवाल्यांनी दिसेल तिथे ऊस लावला. काम गुलामांचं होतं. पुढे गुलामगिरी बंद करणारा कायदा झाला आणि १ फेब्रुवारी १८३५ पासून तो मॉरिशसला लागू झाला. ब्रिटिश सरकारने सगळ्या वसाहतींतल्या मालकांना मिळून दोन कोटी पौंड भरपाई दिली. त्यातले वीस लाखांहून जास्त पौंड मॉरिशसच्या वाट्याला आले. गुलामांना छदामही मिळाला नाही. उलट त्यांना ‘शिकाऊ’ असं नाव देऊन आणखी काही वर्षं त्याच मालकांकडे राबवलं. १८३९ मध्ये तेही बंधन सुटलं, तेव्हा बहुतेकांनी मळ्याकडे पाठ फिरवली. मालकांच्या हातात पैसा होता, जमीन होती, लंडनमध्ये गिऱ्हाईक होतं. नव्हतं ते अगदी स्वस्तात राबणारं माणूस.

ते हिंदुस्थानातून आणायला त्यांनी आधीच सुरुवात केली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजातून ३६ माणसं पोर्ट लुईसला उतरली. छोटानागपूरकडचे हे आदिवासी कलकत्त्याहून पाच वर्षांच्या करारावर, महिना पाच रुपये पगारावर आणलेले होते. मॉरिशसमध्ये आजही २ नोव्हेंबरला सुट्टी असते. तिथून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत या एका बेटावर साडेचार लाखांच्या आसपास हिंदी माणसं उतरली. त्यांतली साधारण एक तृतीयांश परत आली, बाकीची तिथेच राहिली किंवा मेली. बहुसंख्य बिहार आणि संयुक्त प्रांताकडची, त्याखालोखाल मद्रास इलाख्यातली. मुंबई बंदरातून गेलेल्यांचा वाटा शेकडा दहापेक्षाही कमी होता. पण त्यात रत्नागिरी आणि साताऱ्याकडची माणसं होती आणि त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणवून घेतात, गणपती बसवतात, जाखडी नाचतात. कास्कावेलसारख्या गावांत त्यांची वस्ती अजून ओळखू येते.

एक दुरुस्ती इथेच करतो. मोरसला गेलेला पहिला मराठी माणूस गिरमिटिया असेलच असं नाही. १८१५ ते १८३७ या काळात बंगाल आणि मुंबई इलाख्यातून सुमारे दीड हजार कैदी काळ्या पाण्याच्या शिक्षेवर मॉरिशसला पाठवले गेले. तिथले रस्ते त्यांनी बांधले. चार्ल्स डार्विन १८३६ मध्ये पोर्ट लुईसला उतरला तेव्हा त्याने हे कैदी पाहिले आणि त्यांच्या रुबाबाबद्दल लिहूनही ठेवलं. तेव्हा घराण्यातल्या आठवणीत ‘सरकारने नेला’ असा शब्द असेल, तर कैद्यांच्या यादीकडेही एक नजर टाकायला हवी.

आता कराराकडे वळू. १८३८-३९ मध्ये ओरड झाल्यावर कंपनी सरकारने ही भरती थांबवली होती. लंडनमध्ये वसाहतमंत्री लॉर्ड जॉन रसेल यांनी १८४० मध्ये स्वतःच ‘गुलामगिरीची नवी पद्धत’ हे शब्द वापरले. म्हणजे ही टीका नंतरच्या इतिहासकारांनी शोधून काढलेली नाही, ती करणारे लोक सरकारातच होते. तरीही १८४२ मध्ये मॉरिशसपुरती बंदी उठली आणि कलकत्ता, मद्रास, मुंबई ही तीन बंदरं खुली झाली. कागदावर अटी बऱ्या दिसतात: महिना पाच रुपये, रोजचे तांदूळ, डाळ, मीठ, तेल किंवा तूप, अंगावर कपडे, आजारपणात औषध. कोकणातल्या शेतमजुराच्या हाती तेव्हा महिन्याला रोख पाच रुपये क्वचितच पडत. त्याला मोबदला धान्यात मिळे, तोही हंगामापुरता. म्हणून आकडा ऐकून माणूस भुलला असेल तर त्याला मूर्ख म्हणता येत नाही.

खरी मेख पुढे होती. मॉरिशसमधल्या मजुरी कायद्यात एक तरतूद होती, तिला तिथे ‘डबल कट’ म्हणत. एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचा. महिन्यात सहा दिवस खाडा झाला तर बारा दिवसांची मजुरी गेली. आणि खाडा कशाला म्हणायचं हे ठरवणार मालक. आजारी माणूस इस्पितळात दाखल नसेल तर तो गैरहजर. उशिरा आला तर गैरहजर. काम नीट केलं नाही असं मुकादमाने, म्हणजे तिथल्या भाषेत सरदाराने, सांगितलं की तो दिवसही गेला. शिवाय बुडवलेले दिवस कराराच्या शेवटी भरून द्यायचे. पाच वर्षांचा करार असा लांबत जाई. पगार महिनोन्‌महिने थकवून ठेवणं ही तर मळ्यांची रीतच होती. थकबाकी अडकलेली असली की माणूस पळून जात नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मजुराने फिर्याद करायची तर मॅजिस्ट्रेटकडे जायला मळ्याबाहेर पडावं लागे. मळ्याबाहेर पडायला मालकाची परवानगी लागे. परवानगीशिवाय गेला तर तो पळपुटा, आणि पळपुट्याला अटक. स्थलांतरितांचा ‘संरक्षक’ म्हणून एक अधिकारी नेमलेला होता, पण त्याची उठबस मळेवाल्यांमध्येच. खटल्यांचे कागद वाचताना मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे, की इथे काही बेकायदा चाललेलंच नव्हतं. मारहाण व्हायची, तिला कायद्याने बंदी होती. पण पगार कापणं, अटक, सक्तमजुरी हे सगळं रीतसर, शिक्का-मोर्तबासह चाले.

करार संपल्यावर तरी माणूस मोकळा होत असेल, असं आपण धरून चालतो. पहिल्या काळात परतीचं भाडं मळेवाल्यांनी द्यायची अट होती. १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला मॉरिशसमध्ये ती काढून टाकण्यात आली. ज्याच्याकडे जहाजाचे पैसे नाहीत त्याने एक तर पुन्हा करार करायचा किंवा तिथेच काहीतरी धंदा शोधायचा. धंदा शोधणाऱ्यांना मळेवाले ‘भटके’ म्हणत. पोर्ट लुईसजवळ ग्रँड रिव्हरला १८६४ मध्ये अशा भटक्यांसाठी खास कोंडवाडा उघडला गेला. आणि १८६७ च्या कायद्याने कळस केला. करार पुरा केलेल्या प्रत्येक ‘जुन्या’ मजुराने फोटो लावलेलं तिकीट जवळ बाळगायचं, राहत्या जिल्ह्याचा पोलीस पास घ्यायचा, आणि पोलिसाने रस्त्यात अडवलं की दोन्ही दाखवायचे. तिकीट हरवलं तर नवीन काढायला फी. ती भरेपर्यंत काम नाही, आणि काम नाही म्हणजे पुन्हा भटका. हेच ते वर्ष, ज्या वर्षी बेटावर मलेरियाची भयंकर साथ आली होती आणि गोरगरीब हजारोंनी मरत होते.

या जुन्या मजुरांनी १८७१ मध्ये गव्हर्नरकडे अर्ज केला. त्यावर ९,४०१ जणांच्या सह्या आणि निशाण्या होत्या. अर्ज लिहून द्यायला मदत करणारा आडॉल्फ द प्लेविट्झ हा स्वतः एका मळ्याची व्यवस्था पाहणारा गोरा माणूस. मळेवाले त्याच्यावर इतके खवळले की त्याला बेटावरून हाकलून द्या म्हणून त्यांनी उलट अर्ज केला, रस्त्यात त्याच्यावर हातही टाकला. गव्हर्नर आर्थर गॉर्डन बधला नाही. १८७२ मध्ये लंडनहून शाही आयोग आला, १८७५ मध्ये त्याचा अहवाल निघाला आणि अर्जातल्या तक्रारी बऱ्याच अंशी खऱ्या ठरल्या. १८७८ मध्ये नवा मजुरी कायदा झाला. गिरमिटिया म्हणजे मुकाट सोसणारं माणूस असं चित्र ज्यांच्या डोक्यात आहे, त्यांनी या अर्जाची गोष्ट जरूर लक्षात घ्यावी. लिहिता न येणाऱ्या हजारो माणसांनी मळ्यामळ्यातून, पोलिसांची नजर चुकवून निशाण्या गोळा केल्या होत्या.

मग गुलामगिरी म्हणायचं की नाही? माझं उत्तर ‘नाही’ असं आहे, पण ते मळेवाल्यांची बाजू घेऊन नव्हे. गुलामाचं मूल जन्मतः गुलाम होतं, गिरमिटियाचं नव्हतं. गुलाम बाजारात विकता येई, गिरमिटिया येत नसे, जरी मळा विकला गेला की करारही बहुधा नव्या धन्याकडे जात. गिरमिटियाला कोर्टात उभं राहता येई, हरला तरी. आणि आधीच्या गुलामांच्या वंशजांपुढे बसून ‘आमचंही तेच झालं’ म्हणणं मला बरं वाटत नाही. त्यांची भाषा, नावं, देव सगळं हिरावलं गेलं होतं. पण ‘स्वखुशीचे मजूर’ हा शब्दही खोटाच आहे. ज्या कराराला एका बाजूने तुरुंगाची भीती आहे आणि दुसऱ्या बाजूने फक्त दंडाची, त्याला खुशीचा करार कसं म्हणणार? तिसरीच गोष्ट होती ती, आणि तिला ‘गिरमिट’ हे मजुरांनीच पाडलेलं नाव आहे. तेच वापरावं.

आता गरिबी. रत्नागिरी जिल्ह्याची म्हणाल तर तिथे खोती होती. सरकारात सारा भरायचा खोताने, आणि कुळाकडून वसूल करायचं त्याने आपल्या हिशेबाने. भातजमिनीच्या पिकातला अर्धा हिस्सा, वरकस म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीतला तिसरा, अशी सर्वसाधारण चाल. वर खोताच्या घरची वेठ: नांगर धरायचा, गवत कापायचं, पालखी उचलायची. पावसाळ्यानंतर हाताला काम नाही आणि कणगीत चार महिनेही पुरेल इतकं भात नाही. ही खोती १८८० च्या कायद्याने नियमात बांधली गेली, मोडली नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक आणलं, पण ती प्रत्यक्षात गेली स्वातंत्र्यानंतर. घाटावरची तऱ्हा वेगळी होती. तिथे रयतवारी, मधे खोत नाही, पण सारा रोखीत आणि वेळेवर. पुणे भागात १८२० च्या दशकाच्या शेवटी प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने ठरवलेला सारा इतका चढा होता की गावंच्या गावं ओस पडली आणि १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांना इंदापुरापासून सगळी मोजणी नव्याने करावी लागली. रोख भरायची म्हणजे सावकार आला. सावकाराकडे कर्जरोखा आणि रोख्यामागे दिवाणी कोर्ट. कर्ज फेडलं नाही म्हणून कुणब्याला कैदेत टाकता येत असे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला दंगा झाला तेव्हा लोकांनी सावकारांचे जीव घेण्यापेक्षा रोखे जाळण्यावर भर दिला, हे उगाच नव्हे. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने कर्जापायी शेतकऱ्याला कैद करणं बंद केलं. म्हणजे इथेही गरिबीला दावणीला बांधणारी दोरी कायद्याचीच होती.

पण गरिबी हेच एकमेव कारण असतं, तर मुंबईहून मोरसला लाखो माणसं जायला हवी होती. १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसं झाडपाला खात होती, आणि मुंबईहून मोरसची भरती तोवर जवळजवळ आटलेली होती. जहाजं भरत ती इथल्या भुकेच्या हिशेबाने नव्हे, तिथल्या साखरेच्या भावाच्या हिशेबाने. १८५९ या एका वर्षात मॉरिशसला चाळीस हजारांच्या वर हिंदी माणसं उतरली, कारण मळे वाढत होते. साखर पडली तशी मागणी पडली.

दुसरं कारण आपल्या अगदी उंबऱ्यावर होतं: मुंबई. १८५३ मध्ये रेल्वे सुरू झाली, १८५६ मध्ये पहिली कापडगिरणी चालू झाली, शिवाय गोदी, शिवाय पलटण. बोरघाटाच्या कामावर १८६१ मध्ये ४२,००० मजूर होते. तिथेही कॉलऱ्याने माणसं पटापट मेली, तिथेही ठेकेदारांनी पगार थकवले आणि १८५९ मध्ये त्यावरून दंगाही झाला. काम मोरसपेक्षा हलकं नव्हतंच. पण शिमग्याला, गणपतीला गावी जाता येत होतं, आणि ठेकेदार बुडवा निघाला तर दुसरा गाठता येत होता. तुमच्या घराण्यातले बाकीचे भाऊ गिरणीत गेले असतील आणि एकच मोरसला, तर त्यात नवल नाही. मला वाटतं, कोकणातून गिरमिटिये कमी गेले याचं सगळ्यात मोठं श्रेय मुंबईलाच द्यायला हवं.

फसवणूक झाली का? झाली, आणि भरपूर झाली. उत्तरेत या भरती दलालांना अरकाटी म्हणत. बेट कलकत्त्याच्या पलीकडेच आहे, काम फक्त साखर चाळायचं आहे, असं सांगून माणसं डेपोत आणलेली आहेत. डोक्यामागे दलाली मिळत असे, तेव्हा खरं सांगण्यात त्यांचा तोटा होता. पण मॉरिशसच्या कागदांत दुसरीही एक गोष्ट वारंवार दिसते, आणि ती अनेकांना आवडत नाही. परत आलेले मजूर, विशेषतः सरदार, आपल्याच गावात जाऊन भावबंद, मेव्हणे, शेजारी घेऊन पुन्हा जात. एकाच जहाजावर एकाच तालुक्यातली दहा-पंधरा माणसं लागोपाठच्या नंबरांवर सापडतात ती त्यामुळे. यांना काही माहीत नव्हतं असं म्हणता येत नाही. त्यांना तिथलं वाईट माहीत होतं आणि इथलंही माहीत होतं. ‘१८५७ च्या बंडातले आमचे पूर्वज तिकडे पळाले’ असं मराठी आणि भोजपुरी दोन्ही घराण्यांत सांगतात. एखादा गेलाही असेल. पण बंडानंतर वाढलेल्या आकड्याचं कारण म्हणून मी ते मानत नाही. तेव्हा साखरेचे दिवस चांगले होते, एवढं कारण पुरेसं आहे.

बायकांबद्दल एरवी फार कमी लिहिलं जातं. सुरुवातीच्या जहाजांवर त्या नगण्य होत्या. पुढे सरकारने शंभर पुरुषांमागे अमुक इतक्या बायका हव्यातच असा दंडक घातला. मॉरिशसमध्ये बहुतेक बायकांच्या नावावर करार नसे, त्या कुणाची तरी बायको, मुलगी म्हणून नोंदल्या जात. कागदावर त्या मजूर नाहीत, म्हणून त्यांना पगार नाही. राबत मात्र होत्याच: घरचं, शेळ्या-कोंबड्यांचं, हंगामात मळ्यातलंही. इथून एकट्या निघालेल्या विधवा आणि टाकलेल्या बायकाही कमी नव्हत्या. त्यांना डेपोतच कुणाशी तरी ‘लग्न लागलेली’ दाखवलं जाई, म्हणजे कागद पुरा होई. रजिस्टरमधली नवरा-बायकोची जोडी पाहून लगेच वंशवृक्ष काढू नका, ते यासाठी.

समुद्राबद्दल एकच सांगतो. शिडाच्या जहाजाने मुंबईहून महिना-दीड महिना लागे. जानेवारी १८५६ मध्ये कलकत्त्याहून आलेल्या दोन जहाजांवर कॉलरा होता, म्हणून मजुरांना पोर्ट लुईसला न उतरवता गॅब्रिएल नावाच्या उजाड खडकाळ बेटावर ठेवलं. निवारा धड नाही, पाणी अपुरं. अडीचशेच्या वर माणसं तिथेच मेली. त्यावर हिंदुस्थान सरकारने त्याच वर्षी कलकत्त्याहून मॉरिशसची भरती काही काळ बंद ठेवली. मेलेल्यांमध्ये करार सुरू झालेला एकही नव्हता.

या सगळ्यातून वर आलेली माणसंही आहेत. १८८० च्या सुमारास साखर पडली, तेव्हा मळेवाल्यांनी कडेच्या, खडकाळ, दूरच्या जमिनी तुकडे पाडून विकायला काढल्या. जुन्या मजुरांनी त्या हप्त्याने घेतल्या, स्वतः दगड वेचले, ऊस लावला आणि त्याच कारखान्यांना घातला. काही दशकांत बेटावरच्या ऊसशेतीचा मोठा हिस्सा हिंदी लोकांच्या हाती आला. हे पाहून ‘बघा, गिरमिटनेच वर आणलं’ म्हणणारे भेटतात. त्यांना मी विचारतो की ती जमीन पाच रुपयांच्या पगारातून आली का? बहुतांशी नाही. ती आली भाजीपाला, गाई, गाडी-बैल, सरदारकी, सावकारी, आणि घरातल्या सगळ्यांच्या बिनपगारी कष्टांतून. म्हणजे करार सुटल्यावर. आणि हिकडे-तिकडे जाऊन धंदा करण्याची मोकळीक याच माणसांना १८६७ च्या कायद्याने नाकारली होती.

दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ या इंग्रज वसाहतीत हाच हिशेब उघडउघड मांडला गेला. तिथे १८६० पासून गिरमिटिये गेले. १८९५ च्या कायद्याने ठरलं की करार संपल्यावर जो परतणार नाही किंवा पुन्हा करार करणार नाही, त्याने वर्षाला तीन पौंड कर भरायचा. मजुराच्या कमाईच्या मानाने तो कर म्हणजे गळफास होता. महात्मा गांधींचा आणि गिरमिटियांचा संबंध त्या काळापासूनचा. मॉरिशसलाही ते १९०१ मध्ये थांबले होते आणि त्यांच्या सांगण्यावरून बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर १९०७ मध्ये तिथे गेले.

आणि ज्या रत्नागिरी जिल्ह्यातून तुमचा तो भाऊ गेला, त्याच जिल्ह्यातल्या कोतळूकला जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले यांनी ही पद्धत कायदेमंडळात धसाला लावली. १९१० मध्ये त्यांनी नाताळची भरती बंद करण्याचा ठराव मांडला आणि तो सरकारने मान्य केला. १९१२ मध्ये त्यांनी पद्धतच मुळापासून बंद करा असा ठराव आणला. तो २२ विरुद्ध ३३ मतांनी पडला. विरोधातली मतं सरकारी बाजूची होती. गोखल्यांचं भाषण भूतदयेचं नाही, वकिली आहे: न कळणाऱ्या अटींवर, न पाहिलेल्या देशात, न ओळखलेल्या मालकासाठी, फौजदारी शिक्षेच्या धाकाखाली माणूस बांधणं याला करार म्हणता येत नाही, हा त्यांचा रोख. आमच्या क्षेत्रात या विषयावर हजारो पानं लिहिली गेली, पण मुद्द्यावर नेमकं बोट ठेवण्यात त्या भाषणाच्या पुढे फारसं कुणी गेलेलं नाही. १९१५ मध्ये गोखले वारले, १९१६ मध्ये मदनमोहन मालवीयांनी तोच ठराव मांडला, १९१७ मध्ये युद्धाच्या धामधुमीत भरती थांबली आणि १९२० च्या सुरुवातीला फिजी बेटांवरच्या गिरमिटियांचे उरलेले करार रद्द झाले.

देशातल्या देशात मात्र तोच फौजदारी कायदा आणखी टिकला. १८५९ च्या तेराव्या कायद्यानुसार उचल घेऊन काम न करणाऱ्या मजुराला शिक्षा करता येत असे. तो १९२५ मध्ये रद्द करण्यात आला. ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांमध्ये लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघांनी जमीनदाराकडे राबायचं, त्यांना ‘लग्नगडी’ म्हणायचं, हे १९४५ च्या उठावापर्यंत राजरोस चालू होतं. तिथे ना जहाज होतं ना करार. वेठबिगारीवर देशभर बंदी यायला १९७५-७६ उजाडलं.

आता तुमचा शोध. आडनावाने शोधू नका, हाती काही लागणार नाही. मुंबईच्या मजुरांच्या रजिस्टरमध्ये बहुधा स्वतःचं आणि बापाचं नाव आहे, आडनाव नाही. पुढच्या पिढ्यांनी त्या पहिल्या माणसाचं नावच आडनाव म्हणून लावलं. त्यामुळे मोरेंचे वंशज तिथे मोरे नसतील, कुणा रामजीचे किंवा गोविंदचे वंशज असतील. जातीच्या रकान्यात ‘मराठा’ असं दिसलं तर त्याचा अर्थ अनेकदा ‘मुंबईकडचा’ इतकाच असतो. त्यावरून घराण्याबद्दल काही ठरवू नका. गावांची नावं फ्रेंच वळणाच्या कारकुनांनी कानावर पडली तशी लिहिली आहेत, तेव्हा मोठ्याने वाचून पाहावं लागतं.

ही रजिस्टरं मॉरिशसमध्ये मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. प्रत्येक मजुराला एक क्रमांक होता आणि सगळे कागद त्या क्रमांकाभोवती फिरतात: जहाज, उतरल्याची तारीख, वय, उंची, अंगावरच्या खुणा, मळा, लग्न, मृत्यू किंवा परती. तिकडच्या कुटुंबाकडे जुनं तिकीट असेल तर त्यावर तो क्रमांक असतो आणि काम एका दिवसात होतं. इकडून शोधताना तो हाती नसतो, म्हणून उलट जावं लागतं. आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून गेलेल्याचं आणि त्याच्या बापाचं नाव, साधारण दशक आणि सोबत गावातलं आणखी कोण गेलं होतं, हे लिहून काढा. शेवटचा तपशील सगळ्यात मोलाचा, कारण माणसं टोळीने जात आणि एक सापडला की दुसरा त्याच पानावर असतो. मग १८४२ नंतरच्या मुंबईहून सुटलेल्या जहाजांच्या याद्या तेवढ्या दशकापुरत्या पाहायच्या. मुंबईचा वाटा थोडा असल्यामुळे हे कलकत्त्याच्या मानाने पुष्कळ सोपं आहे. तो भाऊ १८६७ नंतर जिवंत असेल तर फोटो असण्याचीही शक्यता आहे, कारण त्या जाचक तिकिटावर तो लावावाच लागत असे.